पट्टे मोजायला लाव

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र कालच मिळालं. दुसरीच्या मुलांना डोंगर-टेकड्या कशा समजावायच्या, असं विचारलंयस. अगं, जुन्नरला शाळा असताना फळ्यावर त्रिकोण काढून मधून सूर्य कशाला उगवायचा? सगळ्यांना पटांगणात आण, शिवनेरीकडे बोट दाखव आणि विचार, "पट्टे दिसतात का?" उभा काळा कातळ, मग झाडीचा उतार, वर पुन्हा कातळ. मुलांना लगेच दिसतं.

मग सांग, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा आला, मग तिसरा. भाकऱ्यांची चवड असते ना, तसे थर साठले. हिमालयाचं तसं नाही. तिथे जमिनीचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांना भिडले आणि मधला भाग वळ्या पडून उचलला गेला. तो अजूनही उचलला जातोय. आपला काळा दगड त्या टकरीच्याही आधीचा, हे मुलांना जरूर सांग. कळसूबाई १,६४६ मीटर आणि एव्हरेस्ट ८,८४९, म्हणून मुलं हिरमुसतात. त्यांना आपल्या डोंगराचं वय कळायलाच हवं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मुलांना वाटतं, डोंगर म्हणजे कुणीतरी घातलेला ढीग. आपल्याकडे उलट झालं. आधी सलग पठार होतं, ते पावसाने आणि नद्यांनी कोरलं आणि जे उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. हे तोंडी सांगून पटत नाही. चाळलेल्या मातीचा चांगला दाबलेला ढीग कर, त्यात दोन-चार चपटे खडे बसव आणि वरून झारीने पाणी सोड. आजूबाजूची माती वाहून जाते, खड्याखालची मात्र खांबासारखी उभी राहते. ते बघितलं की जीवधन किल्ल्याजवळचा वानरलिंगी सुळका वेगळा शिकवावा लागणार नाही.

त्यांच्या हातात दगडही दे. भोकं पडलेला मुरमाड दगड तिकडे कुठेही मिळेल. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे तिथे अडकले होते. काही भोकांत पांढरे स्फटिक चमकतात, ते मागाहून पाण्यातल्या क्षारांपासून तयार झालेत. मुलं ते खिशात घालून नेतील, नेऊ दे.

जमलं तर दिवाळीनंतर नाणेघाटात सहल काढ. जुन्नरकडून जाताना सपाटीच लागते आणि एकदम पायाखाली कोकण. पावसाळ्यात मात्र इतक्या लहानांना कड्याजवळ नको. वारा पाणीसुद्धा उलटं वर फेकतो.

मातीचा प्रयोग आधी घरी करून बघ आणि काय झालं ते सविस्तर कळव.

तुझी,
वैशाली