साडेदहाला परत फिरल्याबद्दल

प्रिय मैत्रिणी,

हे तुला समोर बसून सांगायला हवं होतं. पण समोर असलीस की तू "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितेय.

या शहरात येऊन मला दोन महिने झाले होते. घर लागलं होतं, कामात रुळले होते, पण रविवार अंगावर यायचा. खिडकीतून तो डोंगर दिसायचा आणि मी पडदा ओढून घ्यायचे. आपली ओळख जिन्यात हसण्यापुरती. तरी तू विचारलंस, "रविवारी डोंगरावर येतेस?" मी नाही म्हणायच्या आत माझे बूट बघायला मागितलेस.

आदल्या संध्याकाळी तू कागदावर हिशेब मांडलास. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा आडाखा: 5 किलोमीटर चालीला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक. आपली वाट नेमकी तेवढीच, म्हणजे दोन तास. "नवीन माणसाला तीन धरू, वर अर्धा तास हातचा. सातला निघायचं, साडेदहाला असू तिथून परत." वर चार अंशांनी तरी थंड असेल म्हणून जाकीट घ्यायला लावलंस.

अर्ध्या तासातच माझी टाच चुरचुरायला लागली. तुझा खोळंबा नको म्हणून मी गप्प होते. तू पुढे होतीस, मागे वळलीही नाहीस, नुसत्या पावलांच्या आवाजावरून विचारलंस, "टाच घासतेय ना?" मला दगडावर बसवलंस. मोज्याची सुरकुती काढलीस, लाल झालेल्या जागी पट्टी चिकटवलीस. मग नाडीचं टोक वरच्या भोकातून बाहेरून आत घालून दोन्ही बाजूंना एकेक लहान फास केलास, उजवी नाडी डाव्या फासातून, डावी उजव्यातून ओवलीस आणि खेचून गाठ मारलीस. टाच बुटात घट्ट बसली. "फोड यायच्या आधी थांबायचं, आल्यावर नाही," एवढंच म्हणालीस. किती दिवसांनी कुणी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहत होतं, ते तुला सांगता आलं नाही.

तिथून पुढे तू मला पुढे घातलंस. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं, हा तुझा नियम. मला धाप लागली की तू प्रश्न विचारणं थांबवायचीस आणि श्वास खाली बसला की तोच प्रश्न पुन्हा.

शेवटच्या कातळाखाली पोचलो तेव्हा साडेदहा वाजले. माथा समोर होता. तू एकटी असतीस तर केव्हाच वर असतीस, हे मला कळत होतं. म्हटलं, तू जाऊन ये, मी बसते इथे. "सोबत आलोय ना? उतारासाठी गुडघे शिल्लक हवेत." तुझ्या आवाजात हळहळ शोधून पाहिली. नव्हती.

निघण्यापूर्वी तू खालचं शहर बोटाने दाखवलंस. ती पाण्याची टाकी, तिच्या डावीकडे नदीचं वळण, त्याच्या अलीकडचं ते राखाडी छप्पर आपलं. तोवर मला घर ते काम एवढीच एक रेघ माहीत होती.

घसाऱ्यावर तू माझ्या खालच्या बाजूने उतरलीस, गुडघे किंचित वाकवून, लहान पावलं टाकत. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून चढापेक्षा उताराने जास्त दुखतात, हेही तिथेच सांगितलंस.

ते खरं होतं. सोमवारी सकाळी मला जिना उतरवेना. तेवढ्यात दार वाजलं. दारात तू. "पाय कसे आहेत?"

दोन महिन्यांत माझं दार कुणी पहिल्यांदाच वाजवलं होतं. त्याबद्दल मनापासून आभार. माथा राहिलाय, तुझा पुढचा रविवार मोकळा असेल तर सांग. नाड्या आता मी स्वतःच बांधते, तशाच.

तुझी,
वरच्या मजल्यावरची