हलणारा सिम्युलेटर ही चैन नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील वैमानिक-प्रशिक्षणावरील लेख वाचला. पडद्यावरचे दृश्य हुबेहूब असेल तर सिम्युलेटर हलवण्याचा खर्च कशासाठी, हा लेखकाचा प्रश्न मला रात्रभर डाचत राहिला, कारण त्याचे उत्तर मी स्वतःच्या पायांनी अनुभवले आहे.

नोकरीत असताना एका सहामाही परीक्षेच्या दिवशी सिम्युलेटरची मोशन यंत्रणा, म्हणजे त्याला हलवणारी यंत्रणा, नादुरुस्त होती आणि वेळापत्रक कोलमडू नये म्हणून ती बंद ठेवूनच परीक्षा उरकण्यात आली. टेक-ऑफच्या वेळी ‘व्ही-वन’ची, म्हणजे ज्यापुढे टेक-ऑफ रद्द करायचे नसते त्या वेगाची, हाक झाली आणि प्रशिक्षकांनी डावे इंजिन बंद पाडले. एरवी अशा क्षणी आसन बाजूला हिसका देते आणि डोळ्यांना उमगण्याआधीच उजवा पाय रडरचे, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या फळीचे, पेडल दाबू लागतो. त्या दिवशी आसन ढिम्म होते. धावपट्टीची मध्यरेषा उजवीकडे सरकताना दिसली तेव्हा कुठे पाय हलला. उशीर झाला म्हणून तो जास्त दाबला गेला आणि विमानाचे नाक दुसऱ्या बाजूला वळले. मी ते सावरले, परंतु अहवालात ‘प्रतिक्रिया मंद’ असा शेरा पडला. मोशन बंद होती, याची त्यात एका शब्दानेही नोंद नव्हती. हरकत घेतली, तेव्हा ‘डोळे कशाला दिले आहेत?’ असे ऐकावे लागले.

मोशनसह आणि मोशनविना शिकलेल्या वैमानिकांत फारसा फरक पडत नाही, असे काही प्रयोगांत आढळले आहे, हे मी नाकारत नाही. मात्र वैमानिकाने स्वतः घेतलेले वळण आणि इंजिन गेल्याने बसलेला हिसका यांना एकाच मापाने मोजता येत नाही. वळण घेणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक असते. हिसक्याची पहिली वर्दी अंतर्कर्ण आणि पाठ देतात. सिम्युलेटरची सहा यांत्रिक पायांवर उभी असलेली खोली थोडीशीच सरकू शकते, म्हणून सुरुवातीचा धक्का देऊन ती आपल्याला जाणवणार नाही इतक्या हळू मूळ जागी परतते. टेक-ऑफचा लांबलेला रेटा दाखवताना ती मागे कलते आणि आपलेच वजन पाठ दाबते. ही हालचाल दृश्याशी जुळली नाही तर मळमळते, चुकीच्या सवयीही लागतात, आणि तशा मोशनपेक्षा ती नसलेली बरी. तिला अलीकडची चैन म्हणणे मात्र साफ चुकीचे आहे: एडविन लिंक यांनी १९२९ साली बनवलेले सरावाचे विमानदेखील ऑर्गनच्या भात्यांवर डोलत असे.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘लेव्हल डी सिम्युलेटर’ असे छापले आहे. सिम्युलेटरच्या या सर्वोच्च दर्जासाठी सहाही प्रकारची हालचाल (पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकणे आणि तिन्ही अक्षांभोवती कलणे-वळणे) सक्तीची असते, आणि चित्रातले यंत्र तर जमिनीवर पक्के बसवलेले आहे. एवढी दुरुस्ती तरी उद्याच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वैमानिक