कुलूप भारी, कोयंडा ढिला

संपादक साहेब, नमस्कार. मागच्या मे महिन्यात आम्ही दोन दिवस लग्नाला अमरावतीला गेलो अन् इकडे मनीषनगरातल्या आमच्या घरी चोर येऊन गेले. सात लिव्हरचं महागाचं कुलूप होतं, ते जसंच्या तसं, पण कोयंड्यासकट लोंबत होतं! सुतारानं दाखवलं तेव्हा समजलं, कोयंडा नुसता पाऊण इंची स्क्रूवर होता, पहार घालून एक झटका दिला की काम झालं. आता आरपार नटबोल्ट टाकलेत, नट आतल्या बाजूनं. बिजागऱ्या बाहेरून असल्या तर त्यांची पिन ठोकून काढता येते, हे तर आम्हाला माहीतच नव्हतं बाप्पा. शिवाय बाहेर लटकलेलं कुलूप म्हणजे घरी कोणी नाही याची पाटीच, म्हणून दारातच बसणारं मॉर्टिस लॉक घेतलं. मागचं दार मात्र सगळेच विसरतात, अन् उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत ते कोणी उचकटलं तरी ऐकू येत नाही. फ्लॅट देतानाच बिल्डरनं कोयंडे जरा धड बसवून दिले तर त्याचं काय जाते?

– एक वाचक, मनीषनगर, नागपूर