झाडणी यंत्राचा उजवा ब्रश बंद पडल्याबद्दल व वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

पुणे, दि. 12 मार्च 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: हाताने ढकलायच्या झाडणी यंत्राचा उजवा गोल ब्रश वॉरंटीच्या मुदतीत बंद पडणे, ‘अयोग्य वापर’ म्हणून दुरुस्ती नाकारणे, आणि खोक्यावरील दाव्यांबाबत.

महोदय/महोदया,

आमच्या सहकारी गृहरचना संस्थेने गेल्या दिवाळीत आपल्या कंपनीचे हाताने ढकलायचे झाडणी यंत्र घेतले. झाडण्याचा पट्टा 77 सेंटीमीटर रुंद, डबा 40 लिटरचा, पुढे दोन गोल ब्रश, मागे एक आडवा ब्रश. मोटर नाही, बॅटरी नाही. किंमत 13,500 रुपये, वॉरंटी एक वर्षाची. जानेवारीच्या शेवटी उजवा गोल ब्रश फिरायचा थांबला. 14 फेब्रुवारीला आपला तंत्रज्ञ येऊन गेला. ‘दगड अडकून गिअर खराब, अयोग्य वापर, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा त्याने जॉब शीटवर लिहिला आणि पुढचा सगळा संच बदलायला 4,200 रुपये सांगितले. हा शेरा आम्हाला मान्य नाही. दोष वापरात नाही, यंत्राच्या रचनेत आहे, आणि तो त्याच दिवशी उघड्या यंत्रात सगळ्यांना दिसत होता. हे पत्र कृपया यंत्राची रचना पाहणाऱ्या आपल्या अभियंत्यांपर्यंत पोचवावे.

आधी यंत्र कसे चालते ते लिहितो, म्हणजे पुढचा मुद्दा नीट कळेल. यंत्र ढकलले की चाक फिरते. चाकाच्या आतल्या बाजूला दात्यांची कडी आहे, तिच्यावर गोल ब्रशच्या शाफ्टचा छोटा प्लास्टिकचा गिअर बसतो. दोन्ही गोल ब्रश आतल्या दिशेने फिरून पाचोळा मध्ये ओढतात, मागचा आडवा ब्रश तो उचलून डब्यात फेकतो. चाकाला सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एकतर्फी पकड आहे, म्हणून यंत्र मागे ओढले की ब्रश फिरत नाहीत. दोन चाकांचे दोन ब्रश स्वतंत्र आहेत. त्यामुळे एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो, आणि काम करणाऱ्याला पहिले काही दिवस कळतही नाही. एका बाजूला कचऱ्याची रेघ मागे राहायला लागते तेव्हा कळते.

आपल्या तंत्रज्ञाने खालचा 10 नंबरचा बोल्ट काढून उजवा ब्रश उतरवला, वरच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. आत जे होते त्याचे फोटो आम्ही तिथेच काढले, ते सोबत जोडले आहेत. शाफ्टभोवती बांगडीसारखे एक कडे झाले होते. संक्रांतीच्या मांजाचे तुकडे, सुतळीचे धागे, लांब केस, काथ्या, सगळे एकमेकांवर घट्ट गुंडाळलेले, करंगळीएवढे जाड. बोटांनी ते सुटेना, ब्लेडने कापावे लागले. कापताना आतला मांजा ताणलेल्या तारेसारखा तटतट तुटत होता. त्याच्या खाली शाफ्टचे पांढरे प्लास्टिकचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी, तपकिरी पडले होते, आणि त्याचे गोल भोक लांबट झाले होते. शाफ्ट हाताने हलवला की चांगला 2 मिलिमीटर डुगडुगत होता.

आता गिअर. त्याला 14 दाते आहेत. एकही दाता मुळापासून तुटलेला नाही. चौदाच्या चौदा दात्यांची फक्त टोके झिजून गोल झाली आहेत, मुळाकडचा भाग नव्यासारखा आहे. दगड अडकला असता तर एकदम धक्का बसून एखाद-दुसरा दाता मुळातून निखळला असता आणि बाकीचे धड राहिले असते. टोके सारखी झिजतात ती गिअर एकमेकांत पूर्ण बसत नसले म्हणजे. इथे तेच झाले. शाफ्ट आणि झाकण यांच्यामध्ये सुमारे 2 मिलिमीटरची उघडी फट आहे. ब्रश फिरताना दोरा त्या फटीतून आत ओढला जातो. आत त्याचे कडे जाड होत गेले की ते ब्रशला खाली ढकलते आणि शाफ्टसोबत गिअरही 3 मिलिमीटर खाली सरकतो. दात्यांची पकड मुळात 5 मिलिमीटर, तिच्यातली 2 उरली. तेवढ्या टोकावर सगळा भार आल्यावर प्लास्टिक झिजणारच. मांजाच्या घर्षणाने बुश तापून वितळले ते वेगळेच. डावा ब्रशही उघडायला लावला, तर तिथेही अर्ध्या बोटाएवढे कडे तयार होत होते. उजवा आधी गेला, कारण भिंतीची आणि कुंपणाची कड आमच्याकडे उजव्या अंगाने झाडतात, आणि दोरे-केस साचतात ते कडेलाच. सगळे जण हे यंत्र असेच वापरतात. कड झाडता यावी म्हणूनच गोल ब्रश असतात.

आपल्या पुस्तिकेत ‘दर आठवड्याला ब्रशला गुंडाळलेले दोरे काढावेत’ असे एक वाक्य आहे. आम्ही ते पाळले. दर शनिवारी यंत्र उलटे करून आडव्या ब्रशवरचे आणि गोल ब्रशच्या तळाचे दोरे कात्रीने कापले जातात. पण जिथे नुकसान झाले ती जागा झाकणाखाली आहे, आणि त्या झाकणाच्या एका स्क्रूवर आपण ‘हे स्टिकर फाटल्यास वॉरंटी रद्द’ असे स्टिकर लावले आहे. म्हणजे साफ करायला झाकण उघडले तर वॉरंटी जाते, आणि नाही उघडले तर आतला दोरा गिअर खातो आणि मग ‘अयोग्य वापर’ म्हणून पुन्हा वॉरंटीच जाते. ग्राहकाने करायचे काय? या एका प्रश्नाचे सरळ उत्तर आम्हाला लेखी हवे आहे.

यंत्र टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. उलट ते उपयोगी आहे म्हणूनच इतके लिहितो आहोत. 1,600 चौरस मीटरचे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट खराट्याने झाडायला दोन ताईंना अडीच तास लागायचे, तेही कमरेतून वाकून आणि धुळीत. यंत्राने तेच काम एक ताई उभ्याने करते, धूळही कमी उडते. पालापाचोळा जाळायला घनकचऱ्याच्या नियमांनी बंदी आहे, आमचा सगळा खताच्या खड्ड्यात जातो, आणि डब्यातून तो थेट घमेल्यात ओतता येतो. म्हणून यंत्र बंद पडते तेव्हा तो सगळा भार पुन्हा त्याच दोन कमरांवर येतो. सव्वा महिना झाला, तो तसाच चालू आहे.

पण यंत्र कुठे चालते आणि कुठे नाही, हे आपण ग्राहकाला सांगत नाही. खोक्यावर ‘ओला-सुका सर्व कचरा’ असे छापले आहे. ओला पाला हे यंत्र उचलत नाही, उचलूच शकत नाही. ओले पान पाण्याच्या पातळ थराने फरशीला चिकटते, ब्रशचे केस त्याच्यावरून घसरत जातात. जे थोडे उचलले जाते ते डब्याच्या तोंडाशी लगद्यासारखे बसते आणि मागचे सगळे अडवते. चाकही घसरते, आणि चाक घसरले की ब्रश फिरत नाही. पावसाळ्याचे सोडाच, डिसेंबर-जानेवारीत नुसत्या दवाने सकाळी नऊपर्यंत पाने ओली असतात. बहुतेक सोसायट्यांची झाडलोट सात ते नऊमध्ये होते. आम्ही यंत्राची वेळ साडेनऊनंतर केली तेव्हा काम नीट होऊ लागले. ही एक ओळ पुस्तिकेत असती तर पहिला महिना वाया गेला नसता.

तीच गोष्ट मोठ्या कचऱ्याची. बदामाचे वाळलेले पान वळून होडीसारखे होते, ते पुढच्या पट्टीला अडून यंत्रापुढे ढकलले जाते. गुलमोहराची हातभर शेंग डब्याच्या तोंडाशी आडवी बसते. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा तर चाकाखाली फुटल्या की त्यांचा चिकट गर ब्रशला लागतो आणि त्याच्यावर धूळ बसून केसांचे झुबके होतात. शेंगा आणि काटक्या आधी हाताने वेचायच्या, बदामाची पाने खराट्याने थोडी पसरून घ्यायची, ढिगात यंत्र घालायचे नाही, हे सगळे आम्ही वापरून वापरून शिकलो. सोनमोहराची आणि गुलमोहराची बारीक पाने मात्र यंत्र फार सुरेख उचलते, खराट्याने ती पेव्हरच्या फटीत जातात.

ब्रशच्या उंचीची चकती 1 ते 6 आकड्यांची आहे. कोणता आकडा कशासाठी, हे कुठेच लिहिलेले नाही. ‘खाली केले की जास्त साफ होते’ असे आपल्या विक्रेत्याने सांगितले, ते चूक आहे. ब्रश फार खाली केला की केस आडवे पडतात, टोकाऐवजी अंगाने घासतात, पाचोळा फेकला न जाता घसटत जातो. ढकलायला जड जाते, तो जोर गिअरवर येतो आणि केस कायमचे वाकतात. टोके जमिनीवर 4-5 मिलिमीटर वाकावीत, त्याहून जास्त नको. आम्ही ते असे बसवले: सपाट काँक्रीटवर चुन्याच्या फक्कीचा यंत्राएवढा रुंद, हातभर लांब पातळ पट्टा टाकला आणि यंत्र त्याच्यावरून एकदाच नेले. चकती 2 वर असताना मध्ये पांढरे राहिले. 5 वर ठेवली तर फक्की उचलण्याऐवजी पुढे फासली गेली. 3 वर पट्टा कडेपर्यंत सारखा साफ झाला. केस झिजतील तसा दर दोन-तीन महिन्यांनी हाच प्रयोग करून चकती फिरवायची. दोन मिनिटांचे काम आहे, पुस्तिकेत अर्धे पान पुरेल. आणि ती पुस्तिका इंग्रजी आणि चिनी भाषेत आहे. हे यंत्र रोज हातात घेणाऱ्या ताईंना त्यातले एक अक्षर वाचता येत नाही.

खोक्यावर ‘ताशी 2,800 चौरस मीटर’ असेही आहे. पूर्ण 77 सेंटीमीटरचा पट्टा, एकावर एक अजिबात न चढवता, ताशी 3.6 किलोमीटरने न थांबता चालले तर हा आकडा येतो. प्रत्यक्षात पट्टा 15-17 सेंटीमीटर चढवावाच लागतो, नाहीतर मध्ये रेघ राहते. चाल अडीच किलोमीटरची असते. शिवाय 40 लिटरच्या डब्यात सुकी पाने 25 लिटरच्या वर मावत नाहीत, कारण तोंडाशी ढीग होतो आणि मागचा भाग रिकामाच राहतो. बदामाच्या पानगळीत आम्ही 1,600 चौरस मीटरमध्ये डबा 11 वेळा ओतला, एकूण वेळ 85 मिनिटे. म्हणजे ताशी 1,100 च्या आसपास. हा वेग आम्हाला पुरेसा आहे. पण खोक्यावरचा आकडा त्याच्या अडीचपट आहे, आणि तो वाचून एखादी संस्था झाडणाऱ्या बाईचे तास कमी करू शकते, याचा विचार आपण केला पाहिजे.

दांड्याबद्दल थोडक्यात. तो 100 आणि 110 सेंटीमीटर अशा दोनच उंचींवर बसतो. पाच फुटांच्या आतल्या बाईला कोपराच्या पातळीत, म्हणजे 90-95 सेंटीमीटरवर दांडा हवा. आणखी एक भोक पाडून देणे कंपनीला अवघड नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जॉब शीटवरचा ‘अयोग्य वापर’ हा शेरा लेखी मागे घ्यावा. उजव्या बाजूचा गिअर आणि बुश वॉरंटीत विनामूल्य बदलून द्यावेत, डाव्याचे बुशही तपासावे. बदलताना शाफ्टवर फट झाकणारी गळपट्टी बसवावी. झाकणाच्या काठावर 3 मिलिमीटर उतरणारी साधी प्लास्टिकची टोपी असली तरी दोरा आत जाणार नाही. ते जमत नसेल तर झाकणावरचे स्टिकर काढून, दर महिन्याला ते उघडून साफ करण्याची लेखी परवानगी द्यावी. पुढे कधी लागले तर 4,200 रुपयांचा आख्खा संच गळ्यात न मारता गिअर, बुश आणि ब्रश सुटे विकत मिळावेत. खोक्यावरचा ‘ओला’ हा शब्द आणि 2,800 चा आकडा दुरुस्त करावा, आणि वापराची माहिती मराठीत द्यावी. ती लिहायला आमची मदत हवी असेल तर आनंदाने करू. वर लिहिले आहे त्यातले काहीही वापरावे.

बिल, जॉब शीट आणि 14 फेब्रुवारीचे फोटो यांच्या प्रती जोडल्या आहेत. झिजलेला गिअर आणि कापलेल्या दोऱ्यांचे कडे आम्ही पिशवीत जपून ठेवले आहे, आपले अभियंते आले की दाखवू. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू, आणि तिथेही निकाल न लागल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाऊ. तंत्रज्ञ पाठवणार असाल तर सकाळी साडेनऊनंतर पाठवा, म्हणजे पाने सुकलेली असतील आणि दुरुस्त यंत्र त्याच्यासमोरच चालवून पाहता येईल.

आपले,
व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहरचना संस्था, पुणे