सुट्टं डॉगफूड आणि पाकिटाची मागची बाजू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुत्र्याच्या खाण्यावर पेपरात काही छापून आलं की ते दोनातल्या एका टोकाचं असतं. एक तर घरचं सगळं बंद करा आणि महागातलं पाकीट आणा, नाहीतर पाकिटातलं म्हणजे निव्वळ केमिकल, आपली भाकरी-पेजच बरी. मी चिपळूणला मेडिकलच्या दुकानात काम करते, घरी खंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे, आणि मला भलतीच गोष्ट खटकते, ती ही की आमच्याकडे बऱ्याच लोकांना आपण कुत्र्याला काय घालतोय ते वाचायलाच मिळत नाही, कारण ते खाणं सुट्टं घेतात.

सुट्टं म्हणजे वीस किलोचं पोतं फोडून ठेवायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत किलो-अर्धा किलो बांधून द्यायचं. गिऱ्हाईकाला परवडतं, दुकानदाराचा माल फिरतो, समजतं मला ते. पण आपल्या कोकणातला पाऊस बघा ना, जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे उघड्या पोत्यातले दाणे कोरडे राहणार कसे? त्या दाण्यांवर वरून चरबी मारलेली असते, तिला हवा लागली की ती खवट होते. बऱ्याच दाण्यांत मका असतो, मक्याला ओल लागली की बुरशी धरते, त्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते कुत्र्याचं लिव्हर खलास करतं. वासावरून कळत नाही, चवीवरून कुत्र्यालाही कळत नाही, आणि गरम पाण्यात भिजवून दिलं तरी जात नाही. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेत याच कारणाने एका कंपनीचं खाणं बाजारातून परत मागवलं, तिथल्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाकडे, शंभरावर कुत्री दगावल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तिथे निदान पोत्यावर बॅच नंबर होता म्हणून कुठला माल फेकायचा ते लोकांना कळलं तरी. आपल्या पिशवीवर काय असतं? रबरबँड.

आता कोणीतरी म्हणेलच की तुम्ही मेडिकलवालेच स्ट्रिप कापून देता नि एक्सपायरीचा तुकडा तुमच्याकडेच राहतो, तर हो, तेही चुकीचंच आहे आणि त्याच्यावर वेगळं पत्र कोणीतरी लिहावं. पण औषधाला कायदा आहे, इन्स्पेक्टर आहे. कुत्र्याच्या खाण्याला काय आहे? 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आहे ना, ज्याच्यावरून आपल्या बिस्किटापासून लोणच्यापर्यंत सगळ्यावर एफएसएसएआयचा नंबर असतो, त्यात अन्नाची व्याख्या करतानाच जनावरांचं खाद्य वगळलंय. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस 11968 म्हणून मानक आहे, पण ते ऐच्छिक, पाळलं तर पाळलं. राहिला वजन-मापाचा पॅकिंगचा नियम, त्याच्यामुळे पाकिटावर वजन, किंमत, महिना-वर्ष यायलाच लागतं, पण तेही हिंदीत किंवा इंग्रजीत असलं की झालं, मराठीची सक्ती नाही. म्हणजे जे थोडंफार संरक्षण आहे ते सगळं त्या पाकिटाच्या मागच्या बाजूला आहे आणि आपण नेमकं तेच दुकानात सोडून येतो.

बरं, पाकीट अख्खं आणलं तरी वाचतं कोण? पुढच्या बाजूला कोंबडीची तंगडी, गाजर, मटार, चकचकीत केसांचा कुत्रा. ते चित्र आहे, आत काय आहे ते मागे बारीक अक्षरात असतं. मी पहिल्यांदा बघते ते ‘कम्प्लीट’ लिहिलंय की ‘कॉम्प्लिमेंटरी’. कम्प्लीट म्हणजे रोज तेवढंच दिलं तरी चालेल असं खाणं, कॉम्प्लिमेंटरी म्हणजे नुसतं तोंडी लावणं, आणि आपल्याकडे ग्रेव्हीच्या पाउचवर, च्यू स्टिकवर हे बारीक शब्द असूनही लोक त्याचंच जेवण करतात. त्याच्यानंतर कुठल्या वयासाठी ते, पिल्लाचं की मोठ्याचं.

मग प्रोटीन. इथे सगळे फसतात. पाउचवर 8 टक्के प्रोटीन आणि दाण्यांच्या पाकिटावर 22 टक्के, म्हणजे दाणे भारी असं वाटतं, पण पाउचमध्ये 80 टक्के नुसतं पाणी असतं. पाणी बाजूला काढलं की 20 भागात 8 भाग प्रोटीन, म्हणजे 40 टक्के झाले. दाण्यात पाणी साधारण 10 टक्के, 90 भागात 22, म्हणजे 24 च्या आसपास. हा हिशोब शाळेतल्या पोराला जमेल असा आहे. जनावरांच्या खाद्याचे निकष सांगणाऱ्या अमेरिकेतल्या आफको या संस्थेने पाणी वगळून कमीत कमी मोठ्या कुत्र्याला 18 आणि पिल्लाला 22.5 टक्के प्रोटीन सांगितलंय, बऱ्याच कंपन्या तेच आकडे धरतात. म्हणजे 24 वालं मोठ्या कुत्र्याला व्यवस्थित पुरतं, उगाच 40 च्या मागे लागायची गरज नाही.

‘ग्रेन फ्री’ म्हणून जे महागडं मिळतं त्याच्याबद्दल माझं मत वाईट आहे. धान्य काढून त्यात वाटाणे, मसूर, बटाटा घालतात. 2018 साली एफडीएने अशा खाण्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का हे तपासायला घेतलं, आजही ठाम उत्तर नाहीये, पण ज्याचं उत्तर नाही त्याला दुप्पट पैसे कशाला मोजायचे? आणि धान्य कुत्र्याला पचतच नाही हे कोणी सांगितलं? 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा दोघांचे जीन्स ताडून बघितले तर पिष्ट म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या जीनच्या प्रती कुत्र्यात कितीतरी जास्त निघाल्या. हजारो वर्षं माणसाच्या चुलीपाशी बसून खाल्लंय त्याने, त्याला भात पचणारच. तेव्हा आमच्या कोकणात भात नि बांगडा घालतात त्याला नाकं मुरडू नयेत. शिजवलेला बांगडा किंवा तारली, काटे काढून, मीठ-तिखट न घालता, झकास खाणं आहे ते. सुकट मात्र नको, नुसतं मीठ असतं त्यात. आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं तर अजिबात नकोत, ती चिरफळतात आणि घशात नाहीतर आतड्यात रुततात.

पण घरचंच घालायचं असेल तर मग ते पूर्ण आहे का हे बघायला लागतं, आणि इथे घरच्या खाण्यावाल्यांना माझं बोलणं आवडणार नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात 2013 मध्ये पुस्तकातल्या आणि इंटरनेटवरच्या 200 घरगुती रेसिपी तपासल्या, त्यातल्या 95 टक्के रेसिपींमध्ये एक तरी गरजेचा घटक कमी पडत होता. आणि त्या तर विचार करून लिहिलेल्या रेसिपी होत्या! आपल्या दूध-पोळीचं काय घेऊन बसलात. मांस-भातात फॉस्फरस असतो, कॅल्शियम जवळजवळ नसतंच, शिवाय झिंक, ड जीवनसत्त्व हेही कमी पडतं. शुद्ध शाकाहारी घरात तर आणखीच जपायला लागतं. शाकाहारावर कुत्रा राहू शकतो, मांजर राहू शकत नाही, पण वरणभातावर सोडून चालत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून एकदा बसून प्रमाण लिहून घ्यावं, आणि ते जमत नसेल तर निम्म्याहून जास्त कम्प्लीट पाकीट आणि वर थोडं घरचं असं करावं, मी तसंच करते.

याच्या बरोबर उलटा प्रकार आमच्या दुकानात दिसतो. लॅब्राडोर नाहीतर जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं की कॅल्शियमचं सिरप मागायला माणूस येतोच, कोणी ब्रीडरने सांगितलेलं असतं, पाय मजबूत होतात म्हणून. घरी पिल्लांचं कम्प्लीट खाणं चालू असतं, म्हणजे कॅल्शियम त्यात मोजून घातलेलं असतंच. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं दिलं तेवढं बरंचसं आत जातं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं त्यानेच वाकडी होतात. मी विचारते, डॉक्टरांनी सांगितलंय का? बहुतेकांना राग येतो. दुकानाचे मालकही माझ्याकडे बघतात, धंदा आहे शेवटी.

आणि किती घालायचं यावर तर कोणी बोलतच नाही, सगळी भांडणं ‘काय’ घालायचं याच्यावर. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 630 कॅलरी लागतात, म्हणजे बऱ्याचशा कोरड्या दाण्यांचे 160 ते 180 ग्रॅम, बस्स, दिवसभराचे, दोन वेळचे मिळून. त्याच्यावर ग्लुकोज बिस्किटाचा एक छोटा पुडा दिला की आणखी अडीचशे कॅलरी गेल्या पोटात. बिस्किटं, खाऊ सगळं धरून दहा टक्क्यांच्या आत ठेवा असं डॉक्टर सांगतात, म्हणजे दोन-तीन बिस्किटं फार फार तर. 48 लॅब्राडोर घेऊन अमेरिकेत एक अभ्यास झालाय, 2002 मध्ये छापून आला, त्यात एकाच खाण्यातलं पाव भाग कमी दिलेली कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली. इतका फरक कुठलं महागडं पाकीट देईल असं मला तरी वाटत नाही. ओळखायचं सोपं आहे, बरगड्यांवरून हात फिरवला की त्या हाताला लागल्या पाहिजेत, नि वरून बघितलं की कमर दिसली पाहिजे. किमतीचंही तसंच, किलोचा भाव बघू नका, दिवसाला किती ग्रॅम लागतंय ते बघून रोजचा खर्च काढा, किलोला महाग दिसणारं कधीकधी रोजच्या खर्चात स्वस्त पडतं.

तर संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच की सुट्टी विक्री एकदम बंद करा असं मी म्हणत नाही, गरिबाचा कुत्राही जेवला पाहिजे. पण पिशवी बांधताना बॅच नंबर, एक्सपायरी आणि घटकांची चिठ्ठी दुकानदाराने आत टाकावी, पोतं झाकणाच्या पिंपात ठेवावं, आणि कंपन्यांनी पाव किलो, अर्धा किलोची साधी पाकिटं गावातल्या दुकानापर्यंत पोचवावीत. मागची बाजू मराठीत छापायचं शासनाने मनावर घ्यावं. आणि आपल्या पेपराने कुत्र्यांच्या फॅशन शोचे फोटो अर्धं पान छापण्यापेक्षा त्यात एखादा कोपरा याला द्यावा.

कळावे,
एक वाचक, चिपळूण

ता.क. गणपती जवळ आलेत म्हणून हे राहू नये. खिरापतीत किसमिस असतात, शिऱ्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षं नि मनुका कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत, थोड्याशानेही एखाद्याला भोवतं, म्हणून प्रसाद म्हणूनही देऊ नका. चॉकलेट मोदक, कांदा, लसूण नि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असलेलं शुगर फ्री च्युइंगगमही नको. चुकून खाल्लंच तर उलटी होते का बघत बसू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा.