काणकोणची ऑर्डर देता, तशी राहायची सोयही द्या

माननीय मुख्यमंत्री, गोवा राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

कर्मचारी निवड आयोगामार्फत परीक्षा घेऊन कारकुनांची भरती सुरू झाली, हे तुमच्या सरकारने फार चांगले केले. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीला कोणाच्याही चिठ्ठीवाचून, निव्वळ गुणांवर सरकारी नोकरी मिळते हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. पण गुणांवर भरती म्हटली की घर एका टोकाला आणि कचेरी दुसऱ्या टोकाला, हे ओघाने आलेच. त्या दुसऱ्या टोकाला माणसाने राहायचे कुठे, याचा विचार मात्र कुठलेच खाते करताना दिसत नाही.

माझ्या मुलीची नेमणूक गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणला झाली. वाळपईहून फोंडा, फोंड्याहून मडगाव, मडगावहून चावडी, म्हणजे काणकोणचे मुख्य गाव. नकाशावर गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, चिमुकला. बाहेरच्या माणसाला वाटते, यात लांब ते काय? सकाळी साडेनऊला कचेरीत हजेरी लावायची असेल तर हे अंतर रोज कापता येत नाही. मडगावात राहून ये-जा करायची म्हटली तरी करमल घाट आहेच. पावसात त्या वळणांवर एखादे झाड आडवे पडले की बस अडकली. रेल्वे आहे, पण काणकोण स्थानकावर गाड्या थांबतात त्या मोजक्याच. म्हणजे तिथेच बिऱ्हाड करणे भाग.

तिने ते आनंदाने केले. जूनमध्ये पाळोळ्याच्या किनाऱ्याच्या वाटेवर एक खोली मिळाली, भाडे सहा हजार. घरमालकीण प्रेमळ बाई. रात्री उशीर झाला तर गेटपाशी दिवा लावून ठेवायची, हुमणातला, म्हणजे माशाच्या कालवणातला, वाटा मुलीच्या ताटात पडायचा. चतुर्थी झाली आणि मी तिला भेटायला गेलो, तेव्हा शेजारच्या दोन खोल्यांना नवा रंग चालला होता. टेंपोतून प्लास्टिकात गुंडाळलेल्या गाद्या उतरत होत्या, न्हाणीघरात एक पोरगा गीझर बसवत होता. बाई आमच्यापाशी आल्या, पदराला हात पुसत राहिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, ‘मास्तर, ऑक्टोबरापासून खोली लागेल हो. पोरीला मेच्या शेवटाला परत येऊ दे, मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.’

त्या बाईंना मी दोष देणार नाही. मुलगी महिन्याला देते तेवढे पैसे पर्यटक चार-पाच रात्रींत देतो. पावसाळ्यात त्या घरात दुसरी मिळकत नाही. सीझनच्या पैशांवरच त्यांच्या मुलांच्या फिया आणि घराची कौले भागतात. मुलीने पुढे चावडीत तिघींबरोबर एक खोली घेतली. त्या तिघीही सरकारी नोकर, त्यांतली एक परिचारिका, रात्रपाळी करून आलेली. दिवसा तिला झोप मिळावी म्हणून बाकीच्या स्वयंपाकघरात बसून जेवतात.

आता हिशेब बघा. कारकुनाचा मूळ पगार सुरुवातीला १९,९०० रुपये. घरभाडे भत्ता २० टक्के धरला तरी ते चार हजारांच्या आतच. हा भत्ता मूळ पगारावर ठरतो, खोलीचे भाडे ठरते सीझनवर. पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमलला नेमणूक झालेल्या शिक्षकांकडे चौकशी करा, तिथेही हीच कथा ऐकाल.

मी स्वतः निवृत्त प्राथमिक शिक्षक. १९८५च्या सुमारास मला पहिली नेमणूक मिळाली ती काणकोणच्याच डोंगराळ भागात. त्याआधी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव शाळा निघाल्या, दूरदूरचे मास्तर आले आणि त्यांना राहायला जागा गावाने दिली. मलाही तिथल्या वेळीप या आदिवासी समाजातल्या एका कुटुंबाने पडवीला लागून असलेली खोली दिली होती. भाडे विचारले तर घरधनी रागावला. शाळा चालली त्यात सरकारचा पगार होता, तसा त्या घरांचा मोठेपणाही होता. सरकारने राहण्याची सोय तेव्हाही केली नव्हती, पण गावाने ती उणीव झाकली. आज किनाऱ्यावरच्या खोलीला बाजारभाव आहे. फुकट किंवा स्वस्तात ती द्या असे लोकांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेव्हा ही उणीव आता सरकारनेच भरून काढायची आहे.

घरमालकांच्या मनात आणखी एक भीती असते. १९६८चा भाडे नियंत्रण कायदा आणि १९७५चा मुंडकार (म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) संरक्षण कायदा यांनी हजारो गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले, त्याबद्दल गोवा त्यांचा ऋणी आहे. पण ‘स्थानिकाला वर्षानुवर्षे ठेवला तर तो उठणार नाही’ ही धास्ती त्यातूनच घरोघर बसली. पर्यटक जातो, भाडेकरू राहतो. अकरा महिन्यांचा करार करूनही ती धास्ती जात नाही.

म्हणून माझी मागणी अशी की किनारी तालुक्यांत सरकारने स्वतः घरे भाड्याने घ्यावीत. करार सरकारच्या नावे, तीन-तीन वर्षांचा. भाडे दर महिन्याला खजिन्यातून, पावसाळ्यातही. मुदत संपली की घर रिकामे करून देण्याची जबाबदारी सरकारची. सीझनइतके पैसे मिळणार नाहीत, तरी बारा महिने खात्रीने मिळणारे भाडे अनेकांना परवडेल. त्या बाईंना मी विचारले होते. त्या म्हणाल्या, सरकार स्वतः सही करणार असेल तर एक खोली मी आज देते. ज्याला सरकारी निवास मिळतो त्याला घरभाडे भत्ता द्यावा लागत नाही, त्यामुळे सरकारवर बोजा पडेल तो फक्त फरकाचा. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांची नोंद १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली सरकारकडे होतेच, म्हणजे घरे शोधायलाही कुठे लांब जायला नको. शिवाय जुनी सरकारी क्वार्टर्स जिथे जिथे गळकी म्हणून बंद पडली आहेत, ती सार्वजनिक बांधकाम खात्याने दुरुस्त करावीत. पहिला हक्क रात्रपाळीच्या परिचारिकांना आणि एकट्या राहणाऱ्या मुलींना द्यावा.

हे केवळ नोकरांच्या सुखाचे काम नाही. राहायला जागा नसली की माणूस पहिल्या दिवसापासून बदलीच्या मागे लागतो, आमदाराचे पत्र मिळवतो. मग पद काणकोणात आणि माणूस पणजीत. खोतीगाव, गावडोंगरीहून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून बाकावर बसतो आणि शेवटी ऐकतो, ‘सायब आयज ना’, साहेब आज नाहीत. मी ज्यांच्या पडवीत राहिलो, त्यांचीच नातवंडे आज त्या बाकावर बसलेली असतात. मला याचे फार वाईट वाटते.

मुलीच्या बदलीसाठी हे पत्र नाही. तिला काणकोण आवडते, तिथली माणसे आवडतात, कामही आवडते. निवृत्त असल्याने मी हे उघडपणे लिहू शकतो. नोकरीत असलेल्यांना सेवानियमांमुळे लिहिता येत नाही.

सीझन ऑक्टोबरात सुरू होतो आणि चतुर्थीनंतर खोल्या रिकाम्या करून मागितल्या जातात. निदान काणकोण आणि पेडणे या दोन तालुक्यांपुरता तरी हा निर्णय त्याआधी घ्यावा आणि घरे घेण्याचे अधिकार तालुका पातळीवर द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
सत्तरी तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक