गान्झेच्या वाटेवरची पुस्तकं

मोंबासा (केनिया),
फेब्रुवारीअखेर

प्रिय विनू,

‘ऑफिस सांभाळून तिकडे धर्म वाटत फिरतोस म्हणे!’ हे तूच लिहू जाणे. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी उत्तराच्या भानगडीत पडलो नसतो. तुला सविस्तर लिहितो, कारण तुझा टोमणा अगदीच हवेतला नाही. धर्माची पुस्तकं वाटणाऱ्या आमच्या गटातही याच मुद्द्यावरून खटके उडतात.

आधी मुलूख समजून घे. मोंबासाहून उत्तरेला किलिफीपर्यंत समुद्र, नारळ, काजू आणि पर्यटकांची हॉटेलं. किलिफीहून डावीकडे आत वळून गान्झे, बांबाच्या दिशेला लागलास की थोड्याच वेळात सगळं कोरडं. काटेरी झुडपं, बकऱ्या, पावसाच्या भरवशावर सोडलेला मका. वस्ती बहुतेक गिर्यामा लोकांची. पिवळे कॅन घेऊन पाण्याला निघालेल्या बायका बघून तुला आपला सिन्नरचा पट्टा आठवेल.

या भागात स्वाहिली भाषेतले नवे करार (बायबलचा दुसरा भाग), लूकच्या शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका आणि मुलांसाठी चित्रांच्या गोष्टी जातात. मोंबासाची आमची मंडळी फक्त खोके पोचवते. पुढचं सगळं गावातले स्वयंसेवक बघतात: एक प्राथमिक शाळेतली शिक्षिका, मोटारसायकलवर भाडी मारणारा एक बोडाबोडावाला आणि बाजारात मंदाझी, म्हणजे गोडसर वडे तळणारी एक मामा (इथे बाईमाणसाला ‘मामा’ म्हणतात). पगार कुणालाच नाही. बोडाबोडावाला ज्या वाडीचं भाडं मिळेल तिथली पुस्तकं पिशवीत टाकून नेतो, म्हणजे वेगळं पेट्रोल जाळावं लागत नाही. मामाच्या टपरीवर पुस्तिका नुसत्या मांडून ठेवलेल्या असतात. चहा पिता पिता माणूस चाळतो, वाटलं तर नेतो, नाही तर ठेवून उठतो. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते. नको म्हणायला तिथे तोंड उघडावं लागत नाही.

चौकात उभं राहून दिसेल त्याच्या हातात पत्रक कोंबणं मला कधीच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या पुडीत शेंगदाणे मिळतात. म्हणून नव्या कराराला थोडेफार शिलिंग घ्यावेत असा माझा आग्रह. शिक्षिकेला तो मान्य नाही. शाळेची फी थकलेल्या घरातून पुस्तकाचे पैसे मागायला माझी जीभ रेटणार नाही, तुम्हीच या आणि मागा, असं तिने मला सुनावलं. तूर्त मोठ्यांकडून जमेल तेवढं घेतो, मुलांकडून काही नाही. दोघंही नाखूश आहोत.

आणि वाळवी! ती कुठल्याच धर्माचं पुस्तक सोडत नाही. शेजारच्या युगांडासाठी १८९६ साली लुगांडा भाषेतलं पहिलं संपूर्ण बायबल छापलं, ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावेल अशा अरुंद, जाडजूड आकारात, वाळवीपासून वाचवायला. आमची मामा झाकणाची प्लॅस्टिकची बादली वापरते.

वाचता न येणाऱ्यांचं काय, हे तू विचारणारच. शाळेत जाणारी पोरं स्वाहिली वाचतात, पण म्हाताऱ्यांना जवळची भाषा गिर्यामाच. शिक्षिका रविवारी दुपारी आंब्याखाली बसून एक परिच्छेद स्वाहिलीत वाचते आणि मग गिर्यामात सांगते. मध्येच कुणी आजीबाई तिला थांबवून उलटतपासणी घेते. आपल्याकडे महाराष्ट्रात मिशनच्या काळात बायबलबाया घरोघर जाऊन बायकांना असंच वाचून दाखवायच्या.

आता खरा मुद्दा. २०२३ च्या एप्रिलमध्ये याच किलिफी काउंटीतल्या शाकाहोलाच्या जंगलात पोलिसांनी उकरायला सुरुवात केली आणि चारशेहून जास्त प्रेतं निघाली. उपाशी राहून मेलात तर येशू भेटेल असं एका स्वयंघोषित पाद्र्याने सांगितलं होतं. लहान मुलंसुद्धा होती त्यात. बायबल त्या माणसाच्याही हातात होतंच ना? त्यानंतर अनोळखी माणूस धार्मिक पुस्तकं घेऊन आला की लोक दार लोटून घेतात, आणि मला त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही. म्हणून आम्ही आधी तिथल्या चीफच्या, म्हणजे स्थानिक सरकारी अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन खोक्यात काय आहे ते दाखवतो. आईबाप घरी नसताना मुलाला पुस्तक द्यायचं नाही. मुसलमान घरी मागितल्याशिवाय द्यायचं नाही. आणि वाटणारा गावातलाच हवा, ज्याला उद्या त्याच विहिरीवर, त्याच बाजारात तोंड दाखवायचंय. मी पुस्तक देऊन संध्याकाळी मोंबासाला परततो; मला जाब कोण विचारणार? मामाला विचारता येतो. गेल्या वर्षी एकाने विचारलाही: ‘तुझ्या पुस्तकात उपास करून मरायला सांगितलंय का?’ तिने तळण बाजूला ठेवलं, त्याला बसवलं आणि पोरीकडून लूकमधला पाच भाकरींचा भाग मोठ्याने वाचून घेतला. तो म्हणे पूर्ण ऐकून गेला. पुस्तक नेलं नाही.

तुला वाटतं, हे सगळं गोऱ्यांनी आणलं. आणलं खरं, क्रॅफ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ साली मोंबासाला उतरला. पण नाशकातल्या ज्या शरणपूर रोडवर तू माझ्या पैशाने मिसळ खाल्लीस, तिथल्या शरणपूरच्या मिशनमध्ये अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं वाढली, हे तुला ठाऊक आहे? त्यांतला जेकब वेनराइट हा आफ्रिका पालथी घालणाऱ्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या काफिल्यात होता. १८७३ मध्ये साहेब वारल्यावर प्रार्थना त्यानेच वाचली आणि मृतदेहाबरोबर तो थेट लंडनला गेला. मग शरणपूर चालवणाऱ्या प्राइस साहेबाने १८७५ मध्ये मोंबासाला सोडवलेल्या गुलामांची वसाहत उभी केली. मुंबईच्या माजी गव्हर्नराच्या नावावरून तिचं नाव फ्रिअरटाऊन. तिथे शिकवायला, उपदेश करायला नाशकात वाढलेली हीच माणसं होती. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणायचे त्यांना. तेव्हा या वाटेवर पुस्तकं घेऊन चालणारा मी काही पहिला नाशिककर नव्हे. मला हे इथे आल्यावर कळलं आणि आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांचा थोडा रागही आला.

मार्चच्या शेवटी मोठा पाऊस लागतो आणि आतल्या कच्च्या वाटा चिखलात जातात, म्हणून सध्या खोके पुढे काढायची घाई चालू आहे. तू एप्रिलमध्ये येतो म्हणतोस, ते नको. जुलैत ये. एक शनिवार गान्झेकडे काढू. पुस्तकांना हात लावू नकोस हवं तर, मामाच्या टपरीवर बसून तिच्याशीच वाद घाल. स्वाहिली येत नाही ही सबब चालणार नाही, दुभाष्या मी आहे. येताना काळा मसाला आण, अर्धा किलो तरी.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर